सालामांकेचे आयरिश विद्यार्थी : परभाषेत घडलेल्या धर्मगुरूंचा इतिहास

इ. स. १५९२ हे वर्ष आयर्लंडच्या शिक्षणेतिहासात दोन कारणांसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी राणी एलिझाबेथ हिच्या सनदेने डब्लिन शहरात ट्रिनिटी कॉलेजची स्थापना झाली. आणि त्याच वर्षी स्पेनमधील सालामांका या विद्यापीठनगरीत आयरिश तरुणांसाठी एक लहानसे विद्यालय उघडले गेले. पहिल्या संस्थेच्या पाठीशी राज्यसत्ता होती, जमिनीचे उत्पन्न होते आणि प्रॉटेस्टंट धर्मव्यवस्था आयर्लंडमध्ये रुजविण्याचा उघड हेतू होता. दुसरीच्या पाठीशी परक्या राजाचा आश्रय आणि क्लॉनमेल गावच्या टॉमस व्हाईट या येशूसंघीय धर्मगुरूची चिकाटी, एवढेच भांडवल होते. ज्या घराला आपला मुलगा रोमशी एकनिष्ठ राहून गुरुदीक्षा घ्यावा असे वाटे, त्या घराला डब्लिनचे दार असून नसल्यासारखे होते. मुलाला समुद्रापार धाडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

या दुसऱ्या संस्थेची हकीकत प्रस्तुत लेखात आम्ही सांगू इच्छितो. ती सांगण्याचे कारण केवळ पुराणवस्तुप्रेम नव्हे. परक्या देशात, परक्या भाषेत शिकलेला धर्मगुरू आपल्या माणसांच्या भाषेत बोलू शकतो काय, हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना रोजचा आहे. ईशज्ञानाचे ग्रंथ इंग्रजीत वाचावयाचे, घरी कोंकणी किंवा मराठी बोलावयाची, बाजारात कन्नड किंवा तेलुगू, आणि रविवारी वेदीजवळ उभे राहून मराठीत प्रवचन करावयाचे, ही कसरत बेळगाव, गोवा किंवा हैदराबाद येथील धर्मगुरूला नवीन नाही. सालामांकेच्या आयरिश विद्यार्थ्यांनी तीच कसरत चारशे वर्षांपूर्वी केली. आणि त्यांच्यातील एकाने तिच्यातून जे काढले, ते पाहण्याजोगे आहे.

स्पेनच का, असा प्रश्न साहजिकच येईल. राजा दुसरा फिलिप हा इंग्लंडचा शत्रू आणि रोमच्या पक्षाचा कैवारी होता, हे उत्तर खरे, परंतु अपुरे. वॉटरफर्ड, लिमरिक, गॉलवे या बंदरांचा स्पेनशी व्यापार फार जुना होता. आयर्लंडहून कातडी आणि खारवलेली मासळी जाई, तिकडून द्राक्षमद्य आणि मीठ येई. विद्यार्थी गेले ते याच गलबतांतून. धर्मशिक्षणाची वाट व्यापाराच्या वाटेवरून गेली, आणि त्यामुळे पहिल्या वर्षांत जे विद्यार्थी पोहोचले ते बहुधा दक्षिण व पूर्व भागांतील व्यापारी घरांतले होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरून मोठा कलह माजला.

यात एक विसंगती आहे. ज्या दुसऱ्या फिलिपने परदेशी विद्यार्थ्यांना आसरा दिला, त्यानेच १५५९ साली आपल्या कास्तिलियन प्रजाजनांना परदेशी विद्यापीठांत शिकण्यास मनाई केली होती. बोलोन्या येथील स्पॅनिश विद्यालय, रोम, नेपल्स आणि पोर्तुगालमधील कुइंब्रा एवढे अपवाद ठेवून बाकीची सर्व दारे त्याने बंद केली. कारण उघड होते. पाखंडी मतांचा संसर्ग होऊ नये. आपली मुले बाहेर गेली तर बिघडतील, परंतु दुसऱ्याची मुले आपल्याकडे आली तर सुधारतील, असा हा विचार. राजे लोकच काय, संस्था आणि धर्मसंघही असाच विचार करताना आम्ही पाहतो. बोलोन्याचा अपवाद मात्र अर्थपूर्ण होता. कार्डिनल आल्बोर्नोस यांच्या देणगीतून चौदाव्या शतकात उभ्या राहिलेल्या त्या विद्यालयात स्पॅनिश तरुण परदेशी राहून शिकत आले होते. आंतोनियो दे नेब्रिखा हा तिथलाच विद्यार्थी. तो परत येऊन सालामांकेत अध्यापक झाला, आणि १४९२ साली त्याने स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण छापून प्रसिद्ध केले. इटलीत लॅटिन शिकून आलेल्या माणसाने घरच्या बोलीचे व्याकरण लिहावे, हा योगायोग आम्हांस वाटत नाही. परभाषेचे नियम नीट अभ्यासल्यावर आपल्याही भाषेला नियम आहेत हे प्रथमच दिसू लागते.

सालामांका विद्यापीठाची स्थापना लेओनचा राजा नववा आल्फोन्सो याने १२१८ साली केली. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सहा हजारांच्या आसपास विद्यार्थी नाव नोंदवीत. त्या काळच्या मानाने ही संख्या प्रचंड होय. ईशज्ञानाच्या प्रमुख अध्यासनावर १५२६ ते १५४६ पर्यंत डॉमिनिकन संघाचे फ्रान्सिस्को दे व्हितोरिया होते. त्यांनी जुन्या वाक्यसंग्रहाऐवजी संत थॉमस अक्वायनसचा ग्रंथ पाठ्य म्हणून लावला, विद्यार्थ्यांना टिपणे घेता येतील अशा संथपणे सांगण्याची चाल पाडली, आणि १५३९ साली अमेरिकेतील मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयी व्याख्याने देऊन राजालाही अस्वस्थ केले. व्याख्यान आटोपल्यावर अध्यापकाने बाहेर येऊन आवारातील खांबापाशी उभे राहावे आणि ज्यांना शंका असतील त्यांचे समाधान करावे, असा तेथे नियम होता. आमच्या मते हा नियम कोणत्याही सेमिनरीने आजही उचलावा. वर्गात शांत बसणारा विद्यार्थी खांबापाशी बोलू लागतो.

बसावयास बाके म्हणजे जवळजवळ न तासलेल्या लाकडी तुळया. आगुस्तिनियन संघाचे लुईस दे लेओन ज्या खोलीत शिकवीत, तेथे अशा तुळया आजही दाखवितात. याच लुईस दे लेओन यांना १५७२ साली धर्मन्यायालयाने कैद केले आणि १५७६ अखेरपर्यंत तुरुंगात ठेवले. त्यांच्यावरील आरोपांत दोन मुख्य होते : लॅटिन पवित्र शास्त्रापेक्षा हिब्रू मूळ पाठाला ते अधिक मान देतात, आणि त्यांनी गीतरत्न या पुस्तकाचे स्पॅनिश भाषांतर केले आहे. आयरिश विद्यार्थी सालामांकेत आले ते लुईस यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. लोकभाषेत शास्त्र आणणे म्हणजे काय जोखीम असते, हे त्या गावातील प्रत्येकाला ठाऊक होते.

आता भाषेचा मुद्दा. विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे व्याख्याने लॅटिनमध्ये व्हावयाची. अध्यापक नियमानुसार शिकवितात की नाही हे पाहण्यासाठी रेक्टर ठराविक काळाने वर्गभेटी घेत आणि विद्यार्थ्यांची साक्ष काढीत. तरीही अवघड जागी अध्यापक लॅटिन सोडून स्पॅनिशमध्ये उतरतच; नियम पुन्हा पुन्हा बजावावा लागला, यावरूनच तो किती मोडला जात असे ते कळते. वर्गाबाहेर तर सर्व कारभार स्पॅनिशचा. भाकरी विकत घेणे, शिंप्याशी हुज्जत घालणे, आजारपणात वैद्याला दुखणे सांगणे, पापनिवेदन ऐकविण्याचा सराव करणे, यांपैकी काहीही लॅटिनमध्ये भागत नसे. गावात आलेल्या आयरिश तरुणाला घरची आयरिश (शहरी असेल तर तिच्या जोडीला इंग्रजी), वर्गातली लॅटिन आणि रस्त्यावरची स्पॅनिश अशा तीन-चार भाषांत जगावे लागे. राहण्याची जागा, प्रार्थना, जेवण आणि शिस्त विद्यालयाची. व्याख्यानांसाठी मात्र बाहेर जावयाचे. येशूसंघीयांच्या हाती व्यवस्था होती आणि ती कडक होती. विद्यार्थी संख्येने नेहमीच थोडे असत, आणि राजाकडून मिळणारे अनुदान उशिरा येत असल्याची तक्रार कायमची.

परदेशी विद्यार्थ्याला सालामांका नेहमीच मानवली असे मात्र नव्हे. स्पेनचाच रहिवासी, परंतु वयाने प्रौढ आणि वृत्तीने अनोळखी असा एक विद्यार्थी १५२७ साली आल्काला येथून तेथे आला. आल्कालात बेचाळीस दिवस तुरुंग भोगून तो आला होता. सालामांकेत त्याला आणखी बावीस दिवस बेडी पडली. पुरेसे शिक्षण नसता तो लोकांना पापपुण्याचा उपदेश करतो, हा ठपका. तो विद्यार्थी म्हणजे लोयोलाचे संत इग्नेशियस. कंटाळून ते पॅरिसला गेले, १५२८ च्या फेब्रुवारीत पोहोचले, आणि तेथेच फ्रान्सिस झेविअर यांची गाठ पडली. सालामांकेच्या विद्वानांनी इग्नेशियसना जरा सौजन्याने वागविले असते तर १५४२ च्या मे महिन्यात झेविअर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरले असते की नाही, कोणास ठाऊक! असो.

आयरिशांच्या शेजारी इंग्रजांचेही विद्यालय होते. ते वायादोलिद येथे रॉबर्ट पर्सन्स यांनी १५८९ साली स्थापिले. तेथील विद्यार्थ्यांपुढचे भवितव्य अधिक कठोर होते. १५८५ च्या इंग्लिश कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेला इंग्रज धर्मगुरू मायदेशी सापडला तर तो राजद्रोही ठरे, आणि त्याची शिक्षा मृत्यू. तेथल्या विद्यार्थ्यांपैकी वीसांहून अधिक जण रक्तसाक्षी झाले. जॉन रॉबर्ट्स हा वेल्समधील तरुण १५९८ साली वायादोलिदला आला, पुढे तेथल्याच बेनेडिक्टाइन मठात गेला, दीक्षा घेऊन लंडनला परतला, १६०३ च्या प्लेगात त्याने रोग्यांची शुश्रूषा केली, आणि १६१० च्या डिसेंबरात टायबर्न येथे त्याला फाशी दिले. थॉमस गार्नेट हा त्याच विद्यालयाचा विद्यार्थी १६०८ साली त्याच जागी मरण पावला. १९७० साली पोप सहावे पॉल यांनी ज्या चाळीस जणांना संतपद दिले, त्यांत हे दोघेही आहेत. १५९६ साली काडिस शहर लुटताना इंग्रज शिपायांनी पवित्र मरियेची एक मूर्ती बाजारात ओढत नेऊन छिन्नविच्छिन्न केली होती. इंग्रज विद्यार्थ्यांनी ती मागून घेतली आणि १६०० साली आपल्या प्रार्थनामंदिरात स्थापिली. हात तुटलेली, मुखावर घाव असलेली ती मूर्ती तेथे अजून आहे. आपल्या देशबांधवांच्या कृत्याची भरपाई परदेशात बसून करणारे हे तरुण पुढे त्याच देशबांधवांत मरावयास गेले.

रॉबर्ट्सने येशूसंघीयांच्या हाताखालचे विद्यालय सोडून मठ धरला, यावरून त्या काळी बरीच कटुता झाली. परंतु अशा कलहांतला अधिक उद्बोधक कलह आयरिशांचाच आहे.

फ्लाहरी ओ मेलकोनरी (इंग्रजी लेखनात फ्लॉरेन्स कॉनरी) हा कॉनॉट प्रांतातील तरुण. त्याचे कुल म्हणजे पिढीजात इतिहासकार आणि कवी यांचे. आपल्याकडील भाट-बखरकारांच्या घराण्यांची आठवण व्हावी असे. तो सालामांकेत शिकला आणि पुढे फ्रान्सिस्कन संघात गेला. किन्सेलच्या लढाईत आयरिश आणि स्पॅनिश सैन्याचा पराभव झाल्यानंतर अल्स्टरचा सरदार ह्यू ओडॉनेल १६०२ साली मदत मागण्यासाठी स्पेनला आला, तेव्हा कॉनरी त्याचा सल्लागार होता. त्या दोघांनी राजाकडे सालामांकेच्या विद्यालयाविरुद्ध तक्रार गुजरली. विद्यालयाचे चालक मन्स्टर आणि लेन्स्टर या दक्षिण व पूर्वेकडील प्रांतांतील मुलांना घेतात, अल्स्टर व कॉनॉट येथील मुलांना दूर ठेवतात. ज्यांची घराणी राणीविरुद्ध लढली त्यांची मुले बाहेर, आणि ज्यांची घराणी गप्प बसली त्यांची मुले आत, असा तिचा रोख होता. ओडॉनेल त्याच वर्षी सिमांकास येथे वारला. तक्रारीचा परिणाम फारसा टिकला नाही.

या तक्रारीचा निवाडा करणे आम्हांस सोपे वाटत नाही. चालकांची बाजू अशी की, ज्या मुलांना लॅटिनची तयारी होती तीच घेणे भाग होते, आणि ती तयारी शहरांतील शाळांतच मिळे. परंतु तयारीच्या नावाखाली नेहमी तेच प्रांत, तीच घराणी, तीच जात निवडली जाते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. दिवाडी बेटावरील माथेउस द कास्त्रो या ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला गोव्यात दीक्षा मिळेना, तेव्हा तो रोमला गेला, तेथे शिकला, १६३१ साली दीक्षित झाला, आणि १६३७ साली बिशप होऊन आदिलशाही मुलखाचा प्रेषितीय प्रतिनिधी म्हणून परतला. तोही पुढे गोव्याच्या वरिष्ठांशी आयुष्यभर भांडला. परदेशी शिक्षण ही कॉनरीला मिळालेली संधी होती आणि कास्त्रोला शोधावी लागलेली पळवाट होती. परंतु घरच्या दारात कोणी आडवे पडले होते, हे दोघांनाही सारखेच माहीत होते. कास्त्रो यांच्या स्वभावात उग्रता होती हे खरे. तेवढ्यावरून त्यांची तक्रार खोटी ठरत नाही.

कॉनरी तक्रार करून थांबला नाही, हे महत्त्वाचे. स्पॅनिश सत्तेखालील नेदरलँड्समध्ये लूव्हेन येथे त्याने १६०७ साली फ्रान्सिस्कन संघाचे संत अँथनी विद्यालय राजा तिसरा फिलिप याच्या साहाय्याने उभारले. तेथे आयरिश अक्षरांचा छापखाना सुरू झाला, आणि १६१६ साली कॉनरीचे पुस्तक त्यातून बाहेर पडले. मूळ ग्रंथ कातालान भाषेतील, १५१५ साली बार्सेलोनास छापलेला. ईश्वरप्रेमाच्या शोधात निघालेल्या एका साधकाची रूपककथा. तिचे स्पॅनिश रूपांतर फार लोकप्रिय होते. कॉनरीने ती आयरिशमध्ये आणताना तीत धर्मशिक्षणाचा पुष्कळ भाग स्वतः घातला. छळाच्या काळात श्रद्धावंताने कसे वागावे, राजाची सत्ता कोठवर आणि देवाची कोठून, हे साध्या शब्दांत मांडले. प्रस्तावनेत त्याने आपल्या भाषेच्या साधेपणाचे समर्थन केले आहे. हे समर्थन त्याला का करावे लागले? कारण त्याच्या कुलात भाषा म्हणजे पंडितांची, छंदशास्त्राच्या कसोटीला उतरलेली, अभिजनांनीच समजावी अशी. त्या घराण्यातील माणसाने मुद्दाम शेतकऱ्याला कळेल असे लिहिणे म्हणजे कुलाचार मोडणे होते.

हे बळ त्याला कोठून मिळाले? आमचे अनुमान असे की सालामांकेने ते दिले. स्पेनमध्ये त्याने पाहिले होते की लुईस दे ग्रानादासारखा डॉमिनिकन धर्मगुरू प्रार्थनेवरील पुस्तके बाजारातल्या स्त्रियांनाही समजतील अशा स्पॅनिशमध्ये लिहितो. आविलाची तेरेसा ही लॅटिन न शिकलेली स्त्री आपले आत्मचरित्र लिहिते आणि विद्वान लोक ते वाचतात. तेच लुईस दे लेओन, जे भाषांतराबद्दल तुरुंगात गेले, १५८८ साली तेरेसाचे ग्रंथ संपादून छापतात. ही पुस्तके कॉनरीने परभाषा म्हणून वाचली. परभाषेतला साधेपणा डोळ्यांत भरतो, कारण तो वाचकाला मदत करतो. घरच्या भाषेतला साधेपणा आपल्याला गावंढळ वाटतो. हा भेद ज्याने ओळखला तो घरी परतल्यावर वेगळे लिहू लागतो.

आपल्या वाचकांना १६१६ हा आकडा दुसऱ्या कारणाने परिचित असेल. त्याच वर्षी साष्टीत, रायतूर येथे, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण प्रथम छापून निघाले. स्टीफन्सही परागंदा विद्यार्थीच. इंग्लंडमध्ये श्रद्धेप्रमाणे जगणे अशक्य झाले म्हणून ते रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले, १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्यास पोहोचले. वायादोलिदचे विद्यालय तेव्हा अस्तित्वात नव्हते. असते तर ते तिकडे गेले असते असेही म्हणता येईल. त्यांनी घरचीच नव्हे तर रोमची आणि लिस्बनचीही भाषा बाजूला ठेवून मराठी ओवी हाती घेतली. साष्टीच्या ख्रिस्ती लोकांना पुराण ऐकण्याची सवय होती, आणि त्यांना पुराणच हवे होते. कॉनरीने पंडिती सोडून गद्य धरले. स्टीफन्सनी गद्य प्रश्नोत्तरीबरोबरच काव्य धरले. वाटा उलट दिशांच्या आहेत, परंतु ज्याच्यासाठी लिहावयाचे त्याच्या कानाकडे दोघांचेही लक्ष आहे.

आणखी एक गोष्ट नजरेत भरते. १५८० ते १६४० पर्यंत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाखाली होते. म्हणजे १६१६ साली रायतूर येथे राज्य तिसऱ्या फिलिपचेच, आणि लूव्हेनच्या विद्यालयालाही साहाय्य त्याचेच. त्याला आयरिश येत नव्हती आणि मराठीही येत नव्हती. लूव्हेनच्या पुस्तकाला आयरिश अक्षरे मिळाली. ख्रिस्तपुराण मात्र रोमन लिपीत छापावे लागले, कारण देशी अक्षरांचे खिळे गोव्यात तयार होऊ शकले नाहीत. गोव्यात १५५६ साली आलेला पहिला छापखाना चालविणारा हुवान दे बुस्तामांते हा स्पॅनिश होता, आणि पुढे देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची खटपट करणारा हुवान गोन्साल्विस हाही स्पॅनिशच, एवढे जाता जाता नमूद करतो.

पुढे काय झाले? गोव्यात १६८४ साली व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. परदेशी शिकलेल्यांनी स्थानिक भाषा उचलण्याऐवजी स्थानिकांनीच परदेशी भाषा उचलावी, ही त्यामागील वृत्ती. हुकूम अर्थातच अमलात आला नाही. परंतु स्टीफन्सची परंपरा खंडित झाली, आणि तिची किंमत गोव्याच्या ख्रिस्ती समाजाने फार दिवस दिली. आयर्लंडचा प्रकार निराळा. तेथे १६९५ च्या कायद्याने मुलांना शिक्षणासाठी परदेशी धाडणे हाच गुन्हा ठरला, आणि तरीही मुले जात राहिली. सालामांकेबरोबर सांतियागो (१६०५) आणि सेव्हिल (१६१२) येथेही आयरिश विद्यालये होती. १७६७ साली स्पेनमधून येशूसंघीयांना हाकलल्यावर ती सालामांकेतच विलीन करण्यात आली, आणि चालकपद आयरिश धर्मप्रांतीय गुरूंकडे आले.

त्या चालकांपैकी पॅट्रिक कर्टिस हे सर्वांत प्रसिद्ध. ते विद्यापीठात खगोलशास्त्र आणि निसर्गविज्ञान शिकवीत. १८०८ साली नेपोलियनचे सैन्य स्पेनमध्ये शिरले तेव्हा काही आयरिश विद्यार्थी ब्रिटिश सैन्यात दुभाषे झाले. दोनशे वर्षे ज्या राजसत्तेपासून पळून त्यांचे पूर्वज येथे आले, तिच्याच सैन्याला आता त्यांची स्पॅनिश उपयोगी पडली. कर्टिस स्वतः वेलिंग्टनला शत्रूच्या हालचालींची बातमी पुरवीत, आणि फ्रेंचांनी त्यांना हेर म्हणून पकडलेही होते. फ्रेंचांनी तटबंदीसाठी गावाचा तो भाग पाडला त्यात जुनी विद्यालये गेली. १८१९ साली कर्टिस आर्माचे आर्चबिशप झाले, आणि १८२८ साली तोच वेलिंग्टन ब्रिटनचा पंतप्रधान असताना कॅथलिकांच्या नागरी हक्कांविषयी या दोन वृद्ध परिचितांचा पत्रव्यवहार झाला. १८२९ साली कायदा होऊन ते हक्क मिळाले. त्याचे श्रेय एकट्या कर्टिस यांना देणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु पंतप्रधानाला मोकळेपणाने लिहू शकेल असा आयरिश धर्माध्यक्ष दुसरा कोणी नव्हता, आणि ती ओळख झाली होती ती सालामांकेत.

दरम्यान १७९५ साली आयर्लंडमध्येच मेनूथ येथे सेमिनरी उघडण्यास ब्रिटिश सरकारने परवानगी आणि पैसा दिला होता. फ्रान्समधील क्रांतीने तिकडची विद्यालये बंद पडली होती, आणि तरुण धर्मगुरू क्रांतीची मते घेऊन येण्यापेक्षा घरी शिकलेले बरे, असे सरकारला वाटले. येथे एक कटू सत्य नोंदविले पाहिजे. घरी उघडलेल्या या सेमिनरीत व्यवहार इंग्रजीचाच झाला. लूव्हेनमध्ये परदेशी बसून ज्यांनी आयरिश भाषेत छापले, त्यांच्या वारसांनी स्वदेशात बसून आयरिशकडे पाठ फिरविली. सेमिनरी घराजवळ असली म्हणजे घरची भाषा आपोआप सांभाळली जाते, ही समजूत आपल्याकडेही आहे. ती तपासून पाहावी.

सालामांकेचे विद्यालय त्यानंतरही फोन्सेका आर्चबिशपांच्या सुंदर जुन्या वास्तूत चालू राहिले. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झाले तेव्हा विद्यार्थ्यांना मायदेशी नेण्यात आले आणि ते पुन्हा आले नाहीत. १९५१ साली संस्था अधिकृतपणे बंद झाली. वास्तू आता विद्यापीठाकडे आहे, आणि गावातील लोक तिला अजूनही आयरिशांचे विद्यालय म्हणतात. स्कॉटिश विद्यालय मात्र १९८८ साली वायादोलिदहून सालामांकेस आले. सरकारी विद्यापीठांतून ईशज्ञानाचे विभाग १८६८ साली कायमचे काढून टाकण्यात आले होते. पोप बारावे पायस यांनी १९४० साली सालामांकेत पोपच्या अधिकाराखालील विद्यापीठ पुन्हा स्थापिले. पामप्लोना येथे १९५२ साली सुरू झालेल्या नावारा विद्यापीठातही आज आशिया व आफ्रिका खंडांतील अनेक धर्मप्रांतांचे गुरू आणि उमेदवार शिकतात. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनंतर व्याख्याने लोकभाषेत होऊ लागली, तेव्हा कॉनरीच्या काळची स्थिती उलटली. पूर्वी भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याला वर्गात लॅटिन पुरली असती आणि रस्त्यावर स्पॅनिश शिकावी लागली असती. आता रस्त्यावर इंग्रजीवर कसेबसे भागते. वर्गात, परीक्षेत आणि प्रबंधात मात्र स्पॅनिशच पाहिजे. पहिले काही महिने भाषेतच जातात, आणि ज्या धर्मप्रांताने दोन वर्षांचा खर्च मोजलेला असतो त्याला ते वाया गेल्यासारखे वाटतात. ते वाया जात नाहीत, असे आम्हांस वाटते. तेरेसा आणि क्रूसभक्त योहान यांना त्यांच्याच भाषेत वाचणे हे स्वतंत्र शिक्षण आहे. परंतु पाठविणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा. परतल्यावर त्या गुरूला मराठीत लिहिण्यासाठी वेळ, छापण्यासाठी पैसा आणि वाचण्यासाठी वाचक कोण देणार? कॉनरीच्या पाठीशी छापखाना होता. तो त्याने आधी उभारला आणि मग पुस्तक लिहिले.

विद्यालय बंद झाल्यावर त्याची कागदपत्रे आयर्लंडला, मेनूथ येथे नेण्यात आली. त्यांत विद्यार्थ्यांनी प्रवेशानंतर घेतलेल्या शपथांची नोंद आहे. प्रत्येक नोंदीत तरुणाचे नाव, आईबापांची नावे, धर्मप्रांत, आधी काय शिकला ते, आणि दीक्षा घेऊन आयर्लंडला परत जाईन ही प्रतिज्ञा. आयरिश नावे लिहिताना स्पॅनिश कानांनी त्यांची ओढाताण केलेली आहे. काही नावांवरून मूळ कुल ओळखणेही कठीण जाते. या शपथा घेणाऱ्यांपैकी काही स्पेनमध्येच सैन्याचे धर्मगुरू होऊन राहिले, काहींना तेथेच चांगली पदे मिळाली, काही वाटेत आजाराने गेले. बाकीचे कातडी आणि मासळी उतरवून मद्य भरलेल्या परतीच्या गलबतांत बसले आणि रात्री, बंदरापासून दूर एखाद्या खाडीत, किनाऱ्याला लागले.